तुम्ही तर चर्चला जाता ना!

भांडण कशाचंही असो, समोरच्याचे मुद्दे संपत आले की तो हे वाक्य बाहेर काढतो. पार्किंगमध्ये गाडी दोन वीत पुढं लागली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा आवाज चढला, कामाला येणाऱ्या मावशींचा खाडा धरला, की कुणीतरी हमखास म्हणतं, “तुम्ही तर चर्चला जाता ना!” एवढंच. पुढं काही बोलायची गरज नसते. आमच्या ह्यांच्याकडं त्यावर ठरलेलं उत्तर आहे, “चर्चला जातो म्हणजे काय संत झालो का हो?” लोक हसतात, विषय मिटतो. मला ते जमत नाही. मी गप्प होते, घरी येते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत धुमसत राहते.

राग येतो तो उघड अन्यायाचा. मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणाऱ्या माणसाला पार्किंगच्या भांडणात कुणी त्याचा मंगळवार ऐकवत नाही. सगळे ज्या रस्त्यानं जातात तिथं कुणाच्या पावलांकडं लक्ष नसतं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती निघाले साधारण दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे शंभरात एक, तोही पुरता नाही. बहुतेक इमारतींत, कचेऱ्यांत, शाळेच्या स्टाफरूममध्ये तो एक एकटाच असतो. मग तो काय करतो याचं आपोआप ‘ख्रिस्ती लोक काय करतात’ होतं. मी उशिरा मेंटेनन्स भरला तर तो माझा उशीर राहत नाही, सबंध मंडळीचा होतो.

तरीही हे वाक्य कुणी कधी म्हटलंच नाही, तर मला बरं वाटेल का? नाही वाटणार. कारण त्याचा अर्थ एवढाच होईल की माझ्या चर्चला जाण्याचा आणि माझ्या वागण्याचा काही संबंध असावा, अशी अपेक्षासुद्धा कुणाला उरली नाही. आपली श्रद्धा उघडपणे जगायची म्हणजे गळ्यात क्रूस घालायचा की नाही, गाडीच्या काचेवर वचन चिकटवायचं की नाही, हे प्रश्न मला फार वरवरचे वाटतात. माझ्या मते ज्यानं आपला विश्वास चारचौघांत सांगितला, त्यानं चारचौघांना जाब विचारायचा हक्क देऊन टाकला. पुढं तो हक्क कोण कसा वापरेल यावर आपला ताबा नाही.

हे मला शिकवलं ते कुठल्या प्रवचनानं नाही. एका वाण्यानं शिकवलं.

आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली नगरला पोचले. १८४२ साली त्यांनी तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. नेवासा, शेवगाव, राहुरी, पारनेर अशा तालुक्यांतल्या खेड्यांत मग हळूहळू मंडळ्या उभ्या राहिल्या. आमच्या गावातलं देऊळ (माझी आजी चर्चला देऊळच म्हणायची) दगडी भिंतींचं आणि पत्र्याच्या छपराचं. घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला. आत बाकं नव्हती, सतरंज्या. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. पुढं पेटी, तबला आणि टाळ. रेव्हरंड टिळकांची पदं भजनाच्या चालींवर म्हटली जायची, आणि बाहेरून जाणाऱ्या माणसाला आत भजन चाललंय की उपासना हे शब्द कानावर पडेपर्यंत कळायचं नाही.

त्या मंडळीत एक गृहस्थ होते, आवाजाचे राजे. पहिली ओळ त्यांनी उचलायची आणि मग बाकीच्यांनी. पेठेतल्या वाण्याकडं त्यांची उधारी थकलेली होती. वाणी दुकानात मागून थकला, घरी माणूस पाठवून थकला. मग एका रविवारी तो सरळ देवळाच्या ओट्यावर येऊन बसला. उपासना चालू होती. त्यानं चप्पल काढली, टोपी मांडीवर ठेवली आणि आशीर्वाद होईपर्यंत शांत बसून राहिला. लोक बाहेर पडू लागले तसा तो माझ्या आजोबांना म्हणाला, “पंच, तुमचा ह्यो गडी हितं लई ग्वाड गातो. दुकानात आला की बोलतच न्हाय. म्हून म्हटलं, जिथं तोंड उघडतो तिथंच इचारावं.”

आजोबा मंडळीचे पंच. त्यांनी काय केलं ते मी आईच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. त्यांनी वाण्याला ‘हे देवाचं घर आहे, इथं व्यवहार नको’ असं म्हटलं नाही. त्याला आत बोलावलं, सतरंजीवर बसवलं, गायकालाही बसवलं, आणि चार हप्ते ठरवून दिले. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत पहिली ओळ दुसऱ्यानं उचलायची, असंही ठरलं. गायकाला उधारीपेक्षा ही शिक्षा जास्त लागली असणार. वाण्याचा हिशोब मात्र अचूक होता. माणूस जिथं देवाचं नाव घेतो, तिथं त्याला शब्दात पकडता येतं हे त्याला ठाऊक होतं. त्याला आमच्या धर्मातलं काही माहीत नव्हतं, जाणूनही घ्यायचं नव्हतं. पण आम्ही जे मोठ्यानं म्हणत होतो, ते त्यानं आमच्यापेक्षा गंभीरपणे घेतलं होतं.

त्याच देवळात हंगामाचा सण व्हायचा. पीक घरात आलं की ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवायचं. पायलीभर बाजरी, उसाची मोळी, गुळाची ढेप, भोपळा, पाय बांधलेली कोंबडी. ती कोंबडी नेमकी पाळकांच्या प्रार्थनेत ओरडायची आणि आम्हा पोरांची बोटं तोंडात जायची. उपासना संपली की सगळं बाहेर लिंबाखाली मांडून लिलाव. येणारा पैसा पत्र्याला, दिवाबत्तीला, एखाद्या पोराच्या वह्या-पुस्तकांना. हा लिलाव बघायला आणि बोली लावायला सगळं गाव यायचं. पाटलांच्या घरचे यायचे, मुलाणी यायचा, शाळेचे गुरुजी यायचे.

एका म्हातारीनं एक अंडं आणलेलं मला आठवतं. एकच, पदराच्या टोकात गुंडाळून. अंड्याची बोली लागली. ज्यानं घेतलं त्यानं पैसे कबूल केले आणि अंडं परत लिलावात ठेवलं. दुसऱ्यानं घेतलं, त्यानंही परत ठेवलं. असं ते अंडं लिंबाखाली फिरत राहिलं. हातात घेणारा प्रत्येक जण फुटू नये म्हणून दोन्ही तळव्यांत धरायचा. शेवटी त्या एका अंड्याची रक्कम भोपळा, कोंबडी, गुळाची ढेप सगळ्यांना मागं टाकून गेली. पाटलांनी शेवटची बोली लावली, आणि ते म्हणाले, “देवाच्या पुढ्यात बोललोय. वहीत लिवा.” वहीत लिहिणं हा त्या सणाचा खरा भाग. बोली लावून पैसे न दिलेल्यांची यादी पुढच्या वर्षी सणाच्या आधी सगळ्यांसमोर वाचली जायची, आणि त्या यादीत पाटलांचं नाव आलं तर तेही वाचलं जाईल, हे पाटलांना माहीत होतं. ज्या वस्तीच्या विहिरीचं पाणी त्यांच्या आधीच्या पिढीनं शिवलं नसतं, त्या वस्तीच्या थकबाकीच्या यादीत आपलं नाव येऊ नये म्हणून ते सोमवारी सकाळीच पैसे पाठवून द्यायचे.

आता या वस्तीबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर वरचं सगळं चित्र फारच गोड होईल. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती हे महार आणि मांग समाजांतून आलेले. आमची आडनावं तीच राहिली, घरं गावकुसाबाहेर तिथंच राहिली, अंगावर पडणारी नजरही बराच काळ तीच राहिली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी केली आणि त्यात हिंदू असण्याची अट घातली. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी ती सैल झाली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांसाठी झाली नाही. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ मध्ये धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये केंद्रानं न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. कागद पुढं सरकतात, अट जागेवर आहे.

म्हणून आमच्याकडं एक पिढी अशी आहे की जिच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. माझे एक चुलते असेच. नोकरी दाखल्यावर लागली, निवृत्त झाले दाखल्यावरच. आयुष्यभर उपासनेला पहिल्या रांगेत, पण फोटो काढायला कुणी उभं राहिलं की हळूच मागं सरकायचे. त्यांना ढोंगी म्हणणारे मंडळीत होते, बाहेरही होते. न्यायालयं अशा माणसांबद्दल काय म्हणतात तेही मी वाचते. मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. ज्याच्या घरात उपाशी निजण्याची आठवण आहे त्याला ‘उघड जग’ असा उपदेश करायचा तर उपदेश करणाऱ्यानं आधी आपला पगार कुठल्या दाखल्यावर येतो ते बघावं. पण चुलत्यांचं एक नुकसान झालं आणि ते त्यांना स्वतःलाच कळत होतं. त्यांना कचेरीत कधी कुणी ‘तुम्ही तर चर्चला जाता ना’ असं म्हणू शकलं नाही. पस्तिशीतल्या एका साहेबाच्या टेबलावर पाकिटं फिरत होती तेव्हा आपण नाही म्हणायला धड कारण नव्हतं, असं ते आईजवळ बोलले होते. नाही त्यांनी म्हटलं, पण पोट बिघडल्याचं, घाई असल्याचं निमित्त काढून. ज्याच्या जोरावर नकार द्यायचा त्याचं नावच घेता येत नव्हतं.

आणि जात सोडून आलो म्हणणाऱ्या आमच्या मंडळ्यांत मुलगी द्यायची वेळ आली की आवाज खाली करून विचारलं जातं, “ते आधीचे कोण?” माझ्या भाचीच्या वेळी हे बोलणं चाललं होतं तेव्हा आमची शेजारीण चहा घेऊन आत आली. तिनं ऐकलं आणि अगदी निरागसपणे म्हणाली, “अय्या, तुमच्यात तर जात नसते ना?” खोलीत कुणीही उत्तर दिलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, या बाईला मंडळीच्या पंचात घ्यावं.

उघडं किती आणि झाकलेलं किती, हा पेच जुनाच आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं दोन गोष्टी जवळजवळ एका श्वासात सांगितल्यात. दिवा लावून मापाखाली ठेवू नका, दिवठणीवर ठेवा, ही एक. आणि प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावा, चव्हाट्यावर उभं राहून करू नका, ही दुसरी. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन्हींमध्ये एका अध्यायाचं अंतर आहे. रविवारच्या शाळेत आम्हाला दोन्ही पाठ करायला लावली, पण दोन्ही एकाच माणसानं एकाच दिवशी एकाच वेळी कशी पाळायची ते बाईंनी सांगितलं नाही. बाईंनाही माहीत नसावं.

पंडिता रमाबाईंनी हा पेच फार अवघड जागी सोडवायचा प्रयत्न केला. १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं त्यांचं शारदासदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथं येणाऱ्या मुली बहुतेक ब्राह्मण बालविधवा. शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींच्या आचारात हात घालायचा नाही, अशी ग्वाही होती, आणि रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळावर होती. रमाबाई आपल्या खोलीत स्वतःच्या लेकीला घेऊन प्रार्थना करत. दार मात्र लावत नसत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’नं तोफ डागली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळ बाजूला झालं आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्याच घरात चोरासारखी दार लावून प्रार्थनाही करणार नाही.

आमच्या लोकांत ही गोष्ट रमाबाईंच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. मी ती तशी सांगत नाही. एखाद्या बापाच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्याची भीती खोटी नव्हती. पुढं त्यातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरं. निराधार मुलगी आणि तिला जेवण, शिक्षण, छप्पर देणारी बाई यांच्यातलं उघडं दार हे दोन शेजारणींमधल्या उघड्या दारासारखं नसतं. पण रमाबाईंच्या बाजूनं एक गोष्ट कुणालाच नाकारता येणार नाही. जे केलं ते सगळ्या पुण्याला दिसेल असं केलं. रानड्यांना विचारता आलं, ‘केसरी’च्या टिळकांना लिहिता आलं, बापांना मुली नेता आल्या. जाब विचारण्याच्या सगळ्या वाटा त्यांनी मोकळ्या ठेवल्या आणि जाब विचारला गेला तेव्हा त्याची किंमत मोजली. त्यानंतरच केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं आणि दुष्काळात टाकलेल्या पोरींनी भरलं.

दुसरे आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांची पदं आमच्या देवळात म्हटली जायची ते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, काही वर्षांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना लक्ष्मीबाईंचे वडील आठवत असतील, सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला वेठीला धरणारे. त्या घरातली मुलगी नगरला अशा घराची मालकीण झाली की तिथं कोण कधी जेवायला येईल याचा नेम नव्हता. बालकवी ठोमरे त्यांच्याकडं राहिले. त्यांच्यावर दोघांनी मुलासारखी माया केली, आणि ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांसारख्या धर्मोपदेशकाच्या घरात असं व्हावं, हे त्या काळातल्या काही मिशनऱ्यांना कसं वाटलं असेल कोण जाणे! टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार चालला नाही. पण कल्पना मला आजही धाडसाची वाटते. ख्रिस्ताच्या मागं जाणारे आणि बाहेरून पाहणारे एका सतरंजीवर बसले की पाहणाऱ्याला जास्त दिसतं.

एवढा इतिहास सांगून मी परत माझ्या सोसायटीत येते, कारण माझी कसोटी तिथंच लागते, आणि तिथले प्रश्न बारीक असतात. गणपतीची वर्गणी मी देते, आरतीला मागं उभी राहते, टाळ्या वाजवते, हात जोडत नाही. प्रसादाचा मोदक घेते. यावर आमच्याच मंडळीत दोन तट आहेत. मूर्तीपुढं ठेवलेलं खावं की नाही यावर पौलाच्या वेळी करिंथमध्येही वाद होता, तेव्हा आमच्या पिंपरीत असायला काय हरकत आहे? माझ्या एका मैत्रिणीला मोदक घशाखाली उतरत नाही. ती तो नम्रपणे नाकारते, “आमच्यात चालत नाही, पण तुमच्या हातची पुरणपोळी कधीही द्या,” म्हणते, आणि कुणाला वाईट वाटत नाही. मला तिचं वागणं माझ्याइतकंच बरोबर वाटतं. बरोबर वाटत नाही ते मोदक घेऊन जिन्यातल्या कुंडीत टाकणं. तेही मी पाहिलंय.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी जाते. हिरव्या बांगड्या आहेत, मंगळसूत्र आहे, त्यात काळे मणी आणि वाट्यांच्या जागी छोटा क्रूस. कुंकू मी लावत नाही. समोरच्या वहिनी दर वर्षी करंडा हातात धरून थांबतात आणि विचारतात, “लावू?” मी म्हणते, “गजरा द्या.” मग त्या गजरा देतात, तिळगूळ देतात, वाण देतात. हे विचारणं त्यांनी सोडलेलं नाही. उत्तर माहीत असूनही विचारतात, आणि मला ते फार आवडतं. माझी निवड त्यांनी गृहीत धरलेली नाही आणि मला वगळलेलंही नाही. नाताळला माझ्याकडून त्यांच्याकडं फराळ जातो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, म्हणजे दिवाळीचंच सगळं, फक्त दीड-दोन महिने उशिरा. केक विकतचा.

याच वहिनींच्या सासूबाई आजारी होत्या. दुखणं मोठं होतं, दवाखान्यानं घरी न्या म्हटलं होतं. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, “तुमच्या येशूला सांगा ना आमच्या आईंसाठी. तिथं बसून सांगा, त्यांच्याजवळ.” मी घरी बसून प्रार्थना करतच होते. पण पलंगाजवळ बसून करायची म्हटल्यावर माझे हात गार पडले. दिवस असे आहेत की आजारी माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना केली तर त्याची बातमी होऊ शकते. भाड्याच्या खोलीत चार माणसं गाणी म्हणत बसली की खाली जमाव जमतो. शिवाय सासूबाईंचा मुलगा बंगळुरूहून आलेला होता आणि त्याच्या कपाळावरची आठी मला दिसत होती. मी त्यालाच विचारलं, “तुमची हरकत असेल तर मी घरूनच करते.” तो जरा वेळ थांबला आणि म्हणाला, “करा. पण मोठ्यानं करा आणि साध्या मराठीत करा. काय मागताय ते आम्हाला कळू दे.”

याच्याइतकी कडक अट मला कुठल्या पाळकांनीही कधी घातली नव्हती. आमच्या प्रार्थनांत सवयीचे शब्द फार असतात. त्यातला एकेक शब्द त्या मुलाच्या कानानं ऐकून पाहिला आणि गळत गेला. शेवटी उरलं ते असं की देवा, ह्या आजींना आज रात्री झोप लागू दे, दुखणं सोसवू दे, आणि ह्यांची सेवा करणाऱ्यांचा जीव थकू देऊ नको. चमत्कार मी मागितला नाही. मागायचा धीर नव्हता हे एक, आणि न मिळालेल्या चमत्काराचा हिशोब त्या मुलाला कुणी दिला असता, हे दुसरं. चंगाईच्या सभांची पोस्टरं रस्त्यावर लागतात, त्यात पांगळे चालतात, आंधळे पाहतात. मला त्या पोस्टरांचा उबग येतो. त्यात खोटं किती हा प्रश्न वेगळा. तिथं कुणी उलट विचारायची सोयच नसते, सभा उठते, मंडप निघतो, आणि बरा न झालेला माणूस जाब कुणाला विचारणार? मी मात्र त्याच मजल्यावर राहते. सासूबाई काही आठवड्यांनी गेल्या. मुलानं मला दहाव्याला आवर्जून बोलावलं.

मला जाब विचारणारा एक मजला, काहींना सगळा महाराष्ट्र. वसईचे लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू या पदावर कसा, म्हणून विरोध झाला. त्याआधी वसईत ते हिरवी वसई वाचवायला रस्त्यावर उतरले होते, बिल्डर आणि गुंड यांच्याविरुद्ध बोलले होते. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा आणि विहिरींच्या पाण्यासाठी मोर्च्यात चालणारा माणूस एकच होता. आपण धर्मगुरू आहोत हे त्यांनी झाकलं नाही. २०२४च्या जुलैत ते गेले तेव्हा वसईत नुसते ख्रिस्तीच जमले नव्हते. मला त्यांचा हेवा वाटतो तो संमेलनाध्यक्षपदासाठी नाही. त्यांना जाब विचारणारी माणसं इतक्या प्रकारची होती, त्यासाठी. शेतकरी, साहित्यिक, हिंदुत्ववादी, त्यांच्याच मंडळीतले कर्मठ. एवढ्या बाजूंनी प्रश्न येत राहिले की माणूस आपोआप सरळ उभा राहायला शिकत असणार.

माझ्या मंडळीतल्या तरुण मुलांना अलीकडं वाटतं की गप्प राहावं, नाव बदलून घ्यावं, व्हॉट्सॲपवरचा क्रूस काढावा. त्यांची भीती मला कळते आणि त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. पण गप्प राहून आपण सुरक्षित होतो की नुसते अनोळखी होतो, याचा विचार त्यांनी करावा. अफवा पसरायला अनोळखी माणूसच लागतो. जिची करंजी खाल्लीय, जिच्याशी पार्किंगवरून भांडण झालंय, तिच्याबद्दल काहीबाही पसरवायला जरा कष्ट पडतात.

आणि तुम्ही, जे माझ्या शेजारी राहता, तुम्हाला एक सांगणं आहे. आम्ही उधारी बुडवली, जात पाळली, आवाज चढवला, दुबळ्या माणसाला आमिष दाखवलं असं वाटलं, तर जरूर विचारा, आणि त्या वाण्यासारखं देवळाच्या ओट्यावर येऊन विचारा. फक्त आमच्याबद्दल दुसऱ्याला विचारू नका. आमची दारं माहीत आहेत, रविवारी साडेनऊला उपासना असते, अकरापर्यंत आम्ही मोकळे होतो.